वर चौदा, खाली नऊ

(दृश्य : ऐरोलीतलं एक बैठं घर. अंगणात पांढरी मारुती ८००, पुढून उचललेली. पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली.)

मे महिन्यातला रविवार, सकाळचे सात. खाडीकडून वारा येतोय, पण तो तासाभराचाच. नऊनंतर या फरशीला पाठ लावता येत नाही, म्हणून क्लच प्लेट बदलून गिअरबॉक्स परत चढवायला आम्ही उजाडताच सुरुवात केलीय.

ही आईची गाडी. २००६ सालची, नंबर एमएच ४३. नोकरीत होती तोवर आई रोज हिच्यातून वाशीला जायची. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे उड्डाणपूल नंतर झाले. त्याआधी तो प्रवास म्हणजे एका सिग्नलवरून दुसऱ्या सिग्नलवर सरकणं होतं, पहिला गिअर आणि अर्धा दाबलेला क्लच. क्लच प्लेट अशाच रस्त्यावर झिजते. पूर्ण दाबलेला किंवा पूर्ण सोडलेला क्लच प्लेटला फारसा खात नाही. तो अर्ध्यावर धरला की प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनला लागलेल्या जड चाकावर, घसरत राहते, तापते आणि झिजते.

गेल्या वर्षभरात आईच्या गुडघ्यानं तक्रार सुरू केली. आम्ही वयाला बोल लावला. दोष गाडीचा होता. प्लेटचं अस्तर पातळ झालं की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या जवळ सरकते, तिच्या मधल्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या जिभा बाहेर झुकतात, आणि त्या दाबायला पायाला जास्त जोर लावावा लागतो. पेडल इतकं हळूहळू जड होत गेलं की रोज चालवणाऱ्या आईलाही ते कळलं नाही. मामानं एकदा गाडी गल्लीच्या तोंडाशी नेली आणि तिथूनच परत आणली. म्हणाला, "ताई, ही चालवतेस कशी तू?"

(दृश्य : मामा गाडीखाली वाकून घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड, तपासतोय.)

मामा इथल्याच औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झाला. तो, माझा धाकटा भाऊ आणि मी. गेल्या रविवारी आम्ही गिअरबॉक्स उतरवला. उतरवणं हे जोराचं आणि गंजतेलाचं काम. खाडीच्या हवेनं दोन बोल्ट असे धरले होते की पाना वाकेल असं वाटत होतं. त्याबद्दल अधिक सांगत नाही. आजचं काम चढवण्याचं आहे, आणि ते वेगळ्या स्वभावाचं आहे.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी कळकळीनं सांगतेय. या गाडीखाली दोन लोखंडी घोड्या आहेत, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे आहेत, हँडब्रेक ओढलेला आहे. वीट नाही, पेव्हर ब्लॉक नाही. वीट तडकते आणि तडकताना आधी आवाज करत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, बोल्ट उचलायलासुद्धा नाही.

(दृश्य : जवळून फ्लायव्हील. राखाडी, स्वच्छ.)

फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते. ती उष्णतेची खूण. रबाळे एमआयडीसीतल्या लेथवर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग हलकासा घासून आणला. तिथूनच आणखी एक वस्तू आणली : नायलॉनची दांडी. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या इनपुट शाफ्टचं माप व्हर्नियरनं घेतलं आणि त्या मापाची दांडी कातून घेतली. एक टोक बारीक, पुढचा भाग प्लेटच्या भोकात नेमका बसेल एवढा जाड. बाजारात यासाठी तयार हत्यार मिळतं, पण ही हातात घेतली की काम आपलं वाटतं.

दांडीची गरज अशी. क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली असते. बोल्ट आवळेपर्यंत ती सैल असते, आवळल्यावर जागची हलत नाही. ती मधोमध नसताना आवळली गेली, तर शाफ्ट प्लेटमधून पुढे जाऊन आपल्या जागी पोचणारच नाही. म्हणून आधी दांडी घालायची, प्लेट तिच्यावर टांगायची, मग प्रेशर प्लेट लावायची. तिचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. एक बाजू आधी घट्ट केली तर प्रेशर प्लेटचं कव्हर वाकतं.

नव्या प्रेशर प्लेटला कारखान्यातून गंज न लागण्यासाठी तेल लावून पाठवतात. ते ब्रेक क्लीनरनं पुसायचं आणि त्यानंतर तिच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. प्लेटची बाजूही पाहायची : स्प्रिंगा असलेला फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. उलटी बसली तर सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

भावानं शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावायला घेतलं. मामानं त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि चिंधीवर जेमतेम नखाएवढं ग्रीस दिलं. जास्तीचं ग्रीस शाफ्ट फिरताना उडतं आणि नव्या अस्तरावर बसतं. मग नवी प्लेटही घसरते.

(दृश्य : ट्रॉली जॅकवर प्लायवूडची फळी, तिच्यावर पट्ट्यानं बांधलेला गिअरबॉक्स.)

या गाडीत इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या बाजूला लागतो. म्हणजे तो वर चढवून बाजूनं आत ढकलायचा. छोट्या गाडीचा असला तरी वजन तांदळाच्या मोठ्या गोणीएवढं. कित्येक गॅरेजांत पोरं तो छातीवर घेऊन चढवतात. मला ते बघवत नाही. हात घसरला तर बरगड्या, आणि न घसरला तरी शाफ्ट सरळ धरायला हात मोकळा राहत नाही. आम्ही जॅक वापरला. शिवाय इंजिनच्या वरच्या दोन भोकांत गाईड लावले : त्याच आट्यांचे लांब बोल्ट, डोकी हॅकसॉनं कापलेली, टोकाला स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच. गिअरबॉक्स या दोन काड्यांवर टेकला की डावी-उजवीकडे भटकत नाही. इंजिनलाही खालून लाकडाचा ठोकळा आणि दुसरा जॅक दिलेला आहे, नाहीतर ते एका बाजूला लोंबतं.

रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर स्प्रिंगच्या जिभा ढकलणारं बेअरिंग, त्याला हलवणाऱ्या फोर्कमध्ये नीट अडकलंय ना, हे मामानं पुन्हा बोटानं चाचपलं. चढवताना हे सुटून पडतं आणि सगळं आवळून झाल्यावरच लक्षात येतं.

आणि मग, आठ वाजून गेल्यावर, आम्ही ढकललं.

पहिल्यांदा तो चार बोटं अंतरावर अडला. ही अडचण सरळ होती : शाफ्टचे दाते प्लेटच्या खाचांसमोर आले नव्हते. "गिअर टाक, म्हणजे शाफ्ट मोकळा फिरणार नाही," मामा म्हणाला. भावानं गिअर टाकला. मी क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी पाना लावून इंजिन अगदी थोडं फिरवलं. हातभर खालून आवाज आला, मऊ, आणि गिअरबॉक्स पुढे सरकला. आम्हाला वाटलं, झालं.

सेंटिमीटरभर राहिलं असताना तो पुन्हा थांबला.

(दृश्य : इंजिन आणि बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं इंजिनकडचं तोंड, यांच्यामधली फट. टॉर्चचा उजेड त्यातून पलीकडे दिसतोय.)

ही फट या सगळ्या कामाचं मर्म आहे. हलवून पाहिलं, खांद्यानं रेटून पाहिलं. भावानं बेल हाउसिंगचा एक लांब बोल्ट उचलला आणि आट्यांना लावला. ते त्या क्षणी कुणालाही सुचेल. बोल्ट आवळत गेलं की फट मिटेल असं दिसतं, आणि ती मिटतेही.

मामा म्हणाला, "अरे, बोल्ट ओढायला नसतो. आलेलं धरून ठेवायला असतो."

त्यानं बोल्ट काढायला लावला. कारण शाफ्टचं टोक अडलेलं असताना बोल्टनं ओढलं की काहीतरी मार खातं. बेल हाउसिंग ॲल्युमिनियमचं असतं, त्याचा कान तुटतो. तो वाचला तर प्लेटचा मधला भाग वाकतो. ते बाहेरून दिसत नाही. गाडी सुरू झाल्यावर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खरडतात, आणि माणूस केबल ओढत बसतो.

मामानं व्हर्नियर मागवला. फट मोजली. वर चौदा मिलीमीटर. खाली नऊ.

मी हे आकडे डोक्यात घोळवत राहिले. वर जास्त, खाली कमी. म्हणजे गिअरबॉक्सचं पलीकडचं टोक खाली झुकलंय, त्यामुळे इंजिनकडच्या तोंडाची वरची कड मागे गेलीय. डोळ्याला सगळं सरळ दिसत होतं. शाफ्ट तिरका शिरत होता, आणि दोन्ही तोंडं जुळवणाऱ्या डॉवेल पिना भोकाच्या कडेला टेकत होत्या.

मागच्या टोकाखाली फळीवर एक लाकडी पाचर सरकवली. पुन्हा मोजलं : बारा आणि दहा. पाचर आणखी थोडी आत. अकरा, अकरा.

याच वेळी आईनं चहाला हाक मारली. कुणी हललं नाही. अर्धवट शिरलेला गिअरबॉक्स तसाच लटकत ठेवायचा नाही, कारण त्याचं सगळं वजन प्लेटच्या मधल्या भागावर येतं. खालचा आधार काढायचा नाही, बोल्ट लागेपर्यंत जागा सोडायची नाही. आईनं चहा तिथेच आणून ठेवला.

मी दोन्ही तळवे हाउसिंगवर ठेवले. भावानं पलीकडून आधार दिला. मामा क्रँक पुली अगदी किंचित मागे-पुढे करत होता. जोर लावला नाही, फक्त वजन टेकवलं. गिअरबॉक्स सरकला आणि धातूला धातू लागल्याचा एक ठोस आवाज आला. टॉर्च लावून पाहिलं. फटीतून उजेड येत नव्हता. वर नाही, खाली नाही.

मग बोल्ट. गेल्या रविवारी प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्याला भोक पाडून त्याच्या जागेनुसार खोचला होता, कारण त्यांची लांबी वेगवेगळी आहे. सगळे आधी हातानं, मग टॉर्क रेंचनं. गाईड काढून त्या जागी खरे बोल्ट. मध्ये कुठली वायर चेपली नाही ना, तेही पाहिलं.

(दृश्य : ड्राइव्ह शाफ्ट, स्टार्टर, केबल. दुपारचं ऊन.)

उरलेलं भराभर झालं. माउंटिंग, स्टार्टर, अर्थची वायर, गिअर लिव्हरची जोडणी. चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट आत ढकलताना ऑइल सीलच्या ओठाला आधी ग्रीस लावलं. सर्कलिप टक्कन बसेपर्यंत ढकलायचं, मग बाहेर ओढून खात्री करायची. हबच्या नटाला नवी कॉटर पिन. गिअर ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच. गिअरबॉक्ससाठी जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलं असताना दुकानदार जीएल-५ पुढे करतो, पण त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर न खरडता जुळवणाऱ्या कड्यांना, मानवत नाहीत. सर्वांत शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर.

क्लच केबल जोडली. पेडलची मोकळी चाल मॅन्युअलमधल्या मापाला आणली. चाल अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग सतत टेकून फिरतं. फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही.

(दृश्य : संध्याकाळ. गाडी चार चाकांवर.)

पहिला गिअर पडला. दुसरा, तिसरा, चौथा. पण मामा रिव्हर्सची वाट पाहत होता. या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो नाही. क्लच जराही चिकटत असेल तर आधी तोच करकरतो. इंजिन सुरू, क्लच दाबला, दोन सेकंद थांबलो, रिव्हर्स टाकला.

काही आवाज आला नाही. मामा खाली बसला आणि त्यानं सकाळचा गार झालेला चहा पिऊन टाकला.

"ताई, ये. पाय ठेव."

आई बसली. साडी सावरून डावा पाय पेडलवर ठेवला आणि गेल्या वर्षभराच्या सवयीनं जोरात दाबला. पेडल एकदम खाली गेलं, ती दचकली. तिनं पाय काढला. पुन्हा ठेवला, या वेळी हळू. पुन्हा दाबला. गाडी जागेवरच उभी होती, आणि आई तीन-चार वेळा नुसता क्लच दाबत, सोडत राहिली.