नुसते ओठ हलवायला सांगू नका

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडच्या शाळांत जुलैपासूनच तालमी सुरू होतात. आधी १५ ऑगस्ट, मागोमाग १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. राष्ट्रगीत, राज्यगीत, एखादं स्फूर्तिगीत. पेटी कपाटातून निघते आणि दोन-तीन दिवसांत एखाद्या मुलाला सांगितलं जातं, "तू मागं उभा राहा, नुसते ओठ हलव." सांगणाऱ्याला वाटतं, गाणं वाचलं. त्या मुलापुरतं मात्र गाणं तिथंच संपतं. पुढं तो बाप होतो, तरी लेकराला झोपवताना गुणगुणत नाही. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

बेसूर म्हणून ज्याला बाजूला काढतात, त्याच्या गळ्यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. आपला सूर पेटीच्या सुराला मिळतो तेव्हा कसं वाटतं, हे त्यानं कधी अनुभवलेलंच नसतं. तास संपला की त्याला पाच मिनिटं पेटीजवळ बसवा. कोणती पट्टी, ते आपण ठरवायचं नाही. "तुला सोपा वाटेल तसा 'आ' लाव," एवढंच म्हणायचं. तो जो स्वर लावेल तो पेटीवर शोधायचा आणि धरून ठेवायचा. दोन्ही सूर एक झाले की मूल दचकून आपल्याकडं बघतं. मग तिथूनच एक स्वर वर, जमलं तर आणखी एक. तीन स्वरांवर अडलं तर अडू द्या, पुढच्या आठवड्यात चौथा लागेल. शिक्षक आपल्या सुराकडं आले, हे त्याला कळलेलं असतं. त्यानंतर ते स्वतःहून वर्गाच्या सुराकडं यायला लागतं.

सातवी-आठवीतल्या मुलांची अडचण वेगळी. कंठ फुटायच्या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. याला कित्येक महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर ओळ अर्ध्यावर आली की आवाज फाटतो आणि वर्ग खो-खो हसतो. गेल्या वर्षी पुढच्या रांगेत गाणारा मुलगा तोंड मिटून बसतो. विचारलं तर खाली बघत म्हणतो, "सर, आवाज फाटायलाय माझा." वर्गानं हसायच्या आधीच शिक्षकानं बोललेलं बरं. जूनमध्येच सगळ्यांसमोर सांगून टाकावं की हे प्रत्येकाचं होणार आहे. मुलींचाही आवाज थोडा खाली येतो, काही काळ गाताना नुसती हवाच जास्त जाते. हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून बिचाऱ्या समजतात की आपला गळाच बिघडला.

अशा मुलाला वरच्या सप्तकात ओढू नये. त्याला खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, षड्ज म्हणजेच 'सा' धरायला द्यावा. साठ पोरांच्या गाण्याखाली तो सूर लागला की सगळं गाणं जागेवर बसतं, आणि आपल्यामुळं बसलं, हे त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू येतं.

नामदेवांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, एकनाथांचं पैठण आपल्याच मराठवाड्यातलं. भजनाला आलेल्या माणसाचा गळा तपासून त्याला आत घेतात, असं आपण कधी पाहिलं का? त्याच्या हातात टाळ देतात. तो आधी ठेका धरतो, मग हळूच ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, उचलतो. घरात दुःख घडलेलं लेकरू वर्गात आलं, तर त्यालाही गा म्हणून आग्रह करू नये. टाळ द्यावा आणि जवळ उभं करावं. स्पर्धेसाठी दहा-बारा गळे निवडावे लागतात, ते जरूर निवडा. पण गाण्याचा तास सगळ्या वर्गाचा आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

बीड-धाराशिवकडची बिऱ्हाडं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापाबरोबर फडावर जातात. ती परत येतात तोवर वर्ग चार गाणी पुढं गेलेला असतो. अशा मुलीची रांगेतली जागा तिच्याच नावानं ठेवावी, आणि शेजारणीला आधीच सांगावं की ती आली की चाल तू शिकवायचीस. आल्या दिवशी तिला एकटीला उभं करून "म्हण बघू" असं मुळीच करू नये.

तांड्यावरून येणाऱ्या मुलांकडून एखादं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीतलं, गाणं आवर्जून मागावं. शिकवायचं त्यांनी, आपण त्यांच्यामागून म्हणायचं. उच्चार चुकला की पोरगी आधी संकोचते, मग धिटाईनं सांगते, "सर, तसं न्हाई." त्या दिवसापासून ती मराठी गाणंही मोकळ्या गळ्यानं म्हणते.

पालकांनाही एक विनंती. कार्यक्रमाला जरूर या. मूल तिसऱ्या रांगेत दिसलं किंवा नुसता टाळ वाजवताना दिसलं, तर "तू पुढं का नव्हतास" असं घरी विचारू नका. जेवणं झाल्यावर ते गाणं त्याला म्हणायला लावा आणि तुम्हीही त्याच्याबरोबर म्हणा. धन्यवाद, नमस्कार.