मोडशी, चिरा आणि नळ

मंडळी, विषय आहे महामारीतून सावरताना पाणी आणि स्वच्छता. त्याकडे येतेच, पण आधी एका शब्दाविषयी बोलू द्या. तो मी बरीच वर्षं मनात बाळगून आहे.

पणजीत चर्चजवळच्या गार्सिया द ओर्ता बागेत तुम्ही सगळे कधी ना कधी बसला असाल. या पोर्तुगीज ओर्ता वैद्यांचं पुस्तक १५६३ साली इथे गोव्यातच छापलं गेलं. त्यात पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, वर्णन आहे: नाडी लागत नाही, अंग गार पडतं, डोळे खोल जातात. ते लिहितात, इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात. म्हणजे आपली मोडशी! आजीच्या तोंडचा शब्द पोर्तुगिजांनी उचलला, त्याचा ‘मोर्देशी’ झाला, आणि पुढे फ्रेंचांनी त्याचा अर्थ लावला ‘कुत्र्याचं मरण’. आपल्या अंगणातला शब्द युरोपभर फिरला, कारण रोग आपल्या विहिरीत होता.

जुनं गोवं त्यातच ओस पडलं. साथींवर साथी आल्या, हिवतापही होता. १७५९ साली व्हाइसरॉयने पणजीला बिऱ्हाड हलवलं, १८४३ मध्ये ती रीतसर राजधानी झाली. आता घरी गेलात की पायरीच्या जांभ्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओता. बघता बघता आत मुरतं. आपली जमीन अशी सच्छिद्र. दाट वस्तीच्या शहरात शौचकूप आणि विहीर शेजारी असल्या, की वरून कितीही चर्च बांधा, खालून पाणी एकच.

आमच्या घरी मी पावलं मोजली. मैल्याच्या टाकीपासून विहिरीपर्यंत अकरा.

२०२० च्या उन्हाळ्यात फोन लावला की आधी हात धुण्याची सूचना ऐकू यायची. आमच्या वाड्यावर नळ यायचा रात्री अडीचला, करंगळीएवढी धार. मी आणि जाऊबाई आळीपाळीने जागायचो. शेजारच्या घरात एक आजारी, माणसं सहा, न्हाणीघर एक. वेगळं राहा म्हणजे कुठे राहा? त्या माणसांना बेफिकीर म्हटलेलं मला आजही सहन होत नाही.

पाच मिनिटं उरली आहेत असं अध्यक्षांनी खुणावलं, तेव्हा मुद्द्यावर येते. कोरोना मुख्यत्वे हवेतून पसरला, हे मान्य. हात धुऊन तो एकट्याने थांबला नसता. पण साबण विषाणूचं स्निग्ध आवरण फोडतो, आणि त्याच साबणाने जुलाब, कावीळही रोखली जाते. साथीत दवाखान्यावरचा ताण कमी होतो तो असा.

२०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’ प्रमाणित पहिलं राज्य ठरलं. याचा मला अभिमान आहे. पण नळ असणं वेगळं, नळाला पाणी असणं वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये ओपा पाणी प्रकल्पाची मुख्य वाहिनी फुटली तेव्हा पणजी आणि फोंड्याने ते पाहिलं आहे. शाळा उघडायची तर आधी मुलींच्या शौचालयात पाणी हवं. सांडपाण्याचे नमुने तपासले, तर रुग्ण दवाखान्यात यायच्या आधीच साथ कळू शकते. कोरोनात कित्येक देशांनी ते करून पाहिलं. आणि मैला उपसायला येणाऱ्या माणसाला हातमोजे, बूट, विमा हवा. त्याच्याबद्दल मला अर्धा तास बोलायचं होतं.

प्रश्न विचारा. पण आधी सांगा, तुमच्या घरी पावलं किती?