मणी कौल, कोल्हापुरात

दसरा चौक, शाहू स्मारक भवन. पडद्यावर पंजाबातला रस्ता. कडेला बालो उभी आहे, नवऱ्याची रोटी घेऊन. नवरा सुच्चासिंग बस चालवतो. आज तो थांबेल का, एवढीच गोष्ट. मोहन राकेश यांच्या कथेवरचा 'उसकी रोटी', १९६९. दिग्दर्शक मणी कौल यांचा पहिला कथापट, सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून उभा राहिलेला.

हा हात बघा. हा रिकामा रस्ता बघा. छायालेखक के. के. महाजन यांच्याबरोबर मणी कौल यांनी दोनच लेन्स धरल्या, रुंद दृश्य टिपणारी २८ आणि दूरचं जवळ आणणारी १३५ मिलिमीटरची. एकीतून बालोचं रोजचं जगणं, दुसरीतून तिच्या मनातलं. पुढं ही वाटणी ते स्वतःच मोडत नेतात. मग समोरचं घडतंय की बालो ते कल्पतेय, हे प्रेक्षकालाच ठरवावं लागतं. इतक्या थोड्या साधनांत हिंदी पडद्यावर हे आधी कुणी केलं होतं?

बाहेर चहाच्या गाड्यावर आवाज चढलेत. "बाई नुसती हुबी हाय. ह्यात पिक्चर कुठं हाय?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. सत्यजित राय यांनीही १९७४ साली मणी कौल यांच्या 'दुविधा'वर कडक टीका केली होती. त्याच 'दुविधा'ला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता हा देवल क्लब या संगीतसंस्थेचा परिसर. शाहू महाराजांच्या दरबारी गायलेले अल्लादिया खाँसाहेब मूळचे ध्रुपदियांच्या, म्हणजे ध्रुपद ही जुनी, संथ गायकी गाणाऱ्यांच्या घरातले. मणी कौलही रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले, १९८२ साली 'ध्रुपद' हा माहितीपटच केला. आलापात गवई एका स्वरावर रेंगाळतो तेव्हा कोल्हापूरचा श्रोता चुळबुळ करत नाही, त्या स्वरात शिरतो. बालोचं उभं राहणं तसंच पाहावं. तिथं कथा अडलेली नाही, वेळ ऐकू येतोय. आमच्या मते हेच टिकणारं आहे.

'उसकी रोटी'ला रीतसर चित्रपटगृहं लाभली नाहीत. मणी कौल २०११ साली गेले.

खरी कॉर्नरचा हा कॅमेरा स्तंभ. स्वतःचा कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावानं मणी कौल यांचा निकाल मोबाइलवरच्या तुकड्यांवरून लावू नये. चित्रपट मोठ्या पडद्यावर, अंधारात, सलग लावा. मग खुशाल भांडा. चहाचा गाडा रात्री उशिरापर्यंत असतो.