नथ स्पष्ट, डोळे धूसर

[दृश्य : लग्नातल्या फोटोचा क्लोजअप. कॅमेरा नथीवरून हळूहळू डोळ्यांकडे जातो.]

ठाण्यातल्या एका मंगल कार्यालयातला हा फोटो. नवरी समोर बघतेय. नथीतला मोती न् मोती वेगळा दिसतो, मोत्यांमधून गेलेली सोन्याची तारसुद्धा. आता नजर जरा वर न्या. पापण्यांचे केस एकमेकांत मिसळून गेलेत. फोकस तर डोळ्यावरच धरला होता, कॅमेऱ्यानं बीपही दिला होता. तरी तो दोनेक सेंटिमीटर पुढे पडला. हाच मागे पडला असता, तर कानातल्या कुड्या लख्ख आल्या असत्या आणि डोळे पुन्हा धूसरच.

लेन्स नवी कोरी. साहजिकच पहिला संशय तिच्यावर. पण ती परत पाठवण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा : फोकस दर वेळी एकाच बाजूला चुकतोय, की कधी पुढे, कधी मागे?

[दृश्य : डीएसएलआरच्या आतल्या रचनेचं ॲनिमेशन.]

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा. त्यात प्रकाशाला दोन वाटा असतात. फोटो निघतो मागच्या मुख्य सेन्सरवर. फोकस मात्र ठरतो तळाशी बसवलेल्या दुसऱ्या, छोट्या सेन्सरवर. मुख्य आरसा थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो, त्याच्या मागचा लहान आरसा तो खाली वळवतो. या दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी हवी. त्यात केसाएवढा फरक पडला, की तळाचा सेन्सर म्हणतो ‘जमलं’ आणि मुख्य सेन्सरवर चित्र धूसर उमटतं. म्हणजे दोष लेन्सचा असेल, बॉडीचा (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा) असेल, किंवा दोघी आपापल्या जागी ठीक असून जोडी जमत नसेल.

आणि चुकीला जागा किती? फुल फ्रेम (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिलिमीटरची लेन्स, अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ १.८, अंतर दीड मीटर. यात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटरचा. अर्धा डोळ्यापुढे, अर्धा मागे.

[दृश्य : नौपाड्यातल्या घराची गॅलरी. सकाळचा उजेड. ट्रायपॉड, पुठ्ठा, फूटपट्टी.]

चाचणीला महागडा चार्ट लागत नाही. कालनिर्णयचं जुनं पान पुठ्ठ्यावर चिकटवा आणि पुठ्ठा लेन्सला समांतर उभा करा. त्या पानावरची बारीक अक्षरं फोकसला उत्तम. शेजारी फूटपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, १५ चा आकडा पुठ्ठ्याच्या बरोबर रेषेत. फोकस पुठ्ठ्यावर धरायचा, पट्टीवर नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा फोकस पॉइंट प्रत्यक्षात मोठा असतो. तिरक्या पट्टीवर तो नेमका कुठली रेघ पकडेल, याचा भरवसा नसतो. पट्टी फक्त वाचायची. तिच्यावर ३ सेंटिमीटरचा फरक दिसला, तर खोलीतला फरक साधारण २.

अपर्चर पूर्ण उघडं. मधला एकच पॉइंट. स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा धक्का सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर. रुळांलगतच्या इमारतीत राहत असाल, तर लोकल जाऊ द्या, मग बटण दाबा. ट्यूबलाइटखाली ही चाचणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिव्याचा रंग बदलला की काही कॅमेऱ्यांचा फोकसही किंचित सरकतो.

प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा. एकदा रिंग अनंताकडे फिरवून, एकदा अगदी जवळ आणून. सात-आठ फोटो असे काढा. मग लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर चित्र बघायची सोय, चालू करून तेच पुन्हा. तिथे फोकस मुख्य सेन्सरवरूनच ठरतो, आरशांची वाट वगळली जाते.

[दृश्य : संगणकावर फोटो शंभर टक्के मोठे करून. पट्टीचे आकडे.]

लाइव्ह व्ह्यूत १५ चा आकडा लख्ख, आणि व्ह्यूफाइंडरमधून दर वेळी १२. ही एकाच बाजूची चूक. बऱ्याच वरच्या श्रेणीच्या बॉडींमध्ये ती मेन्यूतूनच दुरुस्त होते, उणे २० ते अधिक २० अशा पायऱ्यांनी. आकडे कधी १३, कधी १७ येत असतील, तर मात्र कुठलीही पायरी उपयोगाची नाही. आधी उजेड, हादरे, पॉइंटची निवड तपासा.

मिररलेसमध्ये ही आरशांची भानगड नाही, फोकस मुख्य सेन्सरवरच ठरतो. तरी पानाचा डावा कोपरा स्वच्छ आणि उजवा सतत धूसर येत असेल, तर आतलं एखादं भिंग तिरकं बसलंय. ते मेन्यूतून सुधारत नाही. लेन्स बदलूनच घ्यावी.

[दृश्य : ऐरोलीजवळची खाडी. चिखलावर रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) थवे. दुपारचं ऊन.]

आता लांब पल्ल्याच्या लेन्सेस. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, स्थान. हिवाळ्यात इथे नव्या ६०० मिलिमीटरच्या लेन्सेस घेऊन येणारे पुष्कळ. आणि इथेच चांगल्या लेन्सवर नाहक ठपका बसतो. ऊन चढलं की चिखलावरची तापलेली हवा हलू लागते, प्रकाश वाकडातिकडा होतो. शंभर-दोनशे मीटरवरच्या पक्ष्याचं पीस न् पीस विरघळतं. एक फोटो बरा, पुढचा वाईट, तिसरा पुन्हा बरा. ही लेन्सची लक्षणं नाहीत, हवेची आहेत. ढळढळीत पुरावा हवा असेल, तर तोच थवा सकाळी, ऊन तापायच्या आत टिपून बघा. होडीवरून तर चाचणी नकोच, पायाखालचं पाणीच हलत असतं.

[दृश्य : पुन्हा गॅलरी. मेन्यूतला आकडा बदलताना बोटं.]

आकडा बदलल्यावर तीच चाचणी दोन वेगळ्या अंतरांवर करा. झूम असेल, तर दोन्ही टोकांना. हा आकडा या एका जोडीपुरताच. लेन्स मित्राच्या बॉडीवर लावली की हिशोब नव्यानं. बॉडीत ही सोयच नसेल, तर सर्व्हिस सेंटरला फक्त लेन्स नेऊ नका, बॉडीही न्या. सोबत पट्टीचे मूळ फोटो, लाइव्ह व्ह्यूचे आणि व्ह्यूफाइंडरचे, दोन्ही. आणि हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत, खोकं, बिल सांभाळून.