दुष्काळातही न विकलेल्या गाई

(दृश्य : डोंगरउतार, करपलेलं गवत, हाडं वर आलेली जनावरं)

१९८३ साल. लेसोथोच्या डोंगरात पावसाने दगा दिलाय, चारा संपलाय, गाईंच्या बरगड्या लांबून मोजता येतायत. हे जनावर काही जगत नाही हे मालकाला दिसतंय, शेजाऱ्याला दिसतंय, आज विकलं तर थोडेफार पैसे तरी येतील, उद्या नुसतं कातडं हातात राहील. आणि तरी बहुतेक लोक विकायला तयार नाहीत.

बाहेरून आलेल्या साहेबलोकांनी याचं उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं, की ही माणसं परंपरेत अडकलीत, बाजार कशाशी खातात हे यांना माहीत नाही, यांना गाय म्हणजे देव. तिकडच्या सोथो-त्स्वाना भाषांत तशी म्हण आहेच, गाय म्हणजे ओल्या नाकाचा देव. म्हण खरी आहे आणि सुंदर पण आहे, पण नुसत्या म्हणीवर कुणी घरचा व्यवहार चालवत नसतं. तो व्यवहार कळायला कुणालातरी तिथे जाऊन गावात राहावं लागलं.

(दृश्य : नकाशा, हळूहळू जवळ)

लेसोथो शोधायचा तर दक्षिण आफ्रिकेच्या पोटात बघा. चारी बाजूंनी तोच एक शेजारी, समुद्र कुठेच नाही. लिहितात लेसोथो पण तिथले लोक म्हणतात लेसूटू, आणि स्वतःला म्हणतात बासूटू. क्षेत्रफळ ३० हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, अख्खा देश समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरच्या वरच, पिकाऊ जमीन जेमतेम दहावा हिस्सा, हिवाळ्यात बर्फ, म्हणून अंगावर जाडजूड ब्लँकेट पांघरून घोड्यावरून जाणारा माणूस हे तिथलं रोजचं दृश्य. ४ ऑक्टोबर १९६६ ला ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य मिळालं.

आता १९७५ मधला वर्ल्ड बँकेचा रिपोर्ट घ्या. त्यात या देशाचं चित्र असं काढलं होतं की स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हा एक पारंपरिक, पोटापुरतं पिकवणारा शेतकरी समाज होता, आधुनिक अर्थव्यवस्थेचा वारा न लागलेला. वाचणाऱ्याला वाटावं की डोंगरात लपलेला एखादा जुना देश सापडलाय आणि तिथे आता रस्ता, चांगलं बियाणं, चांगली जात आणि एक मार्केट नेऊन ठेवलं की काम झालं.

मला विचाराल तर सगळी गडबड इथूनच सुरू होते.

कारण खरा इतिहास याच्या बरोब्बर उलटा आहे. एकोणिसाव्या शतकात, राजा मोश्वेश्वे पहिला याच्या काळात, बासूटू लोक गहू-मका पिकवून बाहेर विकत होते, आजूबाजूच्या गोऱ्या वसाहतींना धान्य इथून जायचं, पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीला हिरे सापडल्यावर तिथल्या खाणकामगारांच्या पोटातही इथलंच धान्य जात होतं. म्हणजे बाजार या लोकांना शंभर वर्षांपासून पाठ होता. मग झालं काय? जमीन गेली. शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेटच्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या लोकांशी लढाया झाल्या, शेवटची मोठी १८६५ ते १८६८, आणि मोहोकारे नदीच्या, जिला इंग्रज कॅलेडन म्हणतात, पलीकडची सुपीक काळी जमीन कायमची हातातून गेली. १८६८ मध्ये ब्रिटिशांनी संरक्षण दिलं पण ती जमीन परत आली नाही. वर झोपडीवर कर बसला आणि तो रोख भरायचा. रोख पैसा कुठे मिळणार, तर आधी हिऱ्याच्या आणि मग सोन्याच्या खाणीत.

(दृश्य : खाणकामगारांचे जुने फोटो, हेल्मेट, टॉवर, रेल्वे स्टेशन)

म्हणजे गरिबी अशी तयार झाली. माणसं मागे राहिली म्हणून ती आली नव्हती, एका मोठ्या अर्थव्यवस्थेत त्यांना ओढून घेतलं गेलं आणि त्यांच्या वाट्याला फक्त अंगमेहनत ठेवली गेली.

आकडा ऐका, कारण हा एक आकडा अख्खा रिपोर्ट खोटा पाडतो. १९७० च्या दशकात लेसोथोतल्या खेड्यातल्या घराच्या उत्पन्नातला सुमारे ७० टक्के भाग दक्षिण आफ्रिकेतल्या मजुरीतून यायचा आणि घरच्या पिकातून यायचा सुमारे ६ टक्के. सहा! ज्या माणसाला शेतकरी समजून त्याच्यासाठी शेतीची योजना आखली जात होती तो मुळात खाणकामगार होता आणि त्याची बायको, म्हातारे आईबाप आणि पोरं गावात त्याच्या पैशाची वाट बघत होती. कोकणातली मनीऑर्डर ज्यांनी बघितलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि पैसेही सगळे थेट हातात नाहीत, १९७४ च्या कायद्याने पगाराचा ६० टक्के भाग सक्तीने लेसोथोतल्या बँकेत जमा व्हायचा, कंत्राट संपवून परत आल्यावर मिळायचा. बायको-पोरांना सोबत न्यायची सोय नाही, वर्णभेदाच्या राजवटीत खाणमजूर म्हणजे पुरुषांच्या हॉस्टेलमधलं एक कॉट, कंत्राट संपलं की घरी, मग परत भरती. कॉलिन मरे नावाच्या अभ्यासकाने याच काळात लेसोथोतल्या घरांचा अभ्यास केला आणि दाखवलं की इथलं कुटुंब सीमेच्या दोन्ही बाजूंना फाटलेलं आहे, नवरा कमावतो तिकडे, संसार इकडे, आणि दोघांमधल्या रोजच्या ताणातून लग्नं, भांडणं, म्हातारपणाची सोय, सगळंच घडतंय.

याच प्रवासातून एक गाण्याचा प्रकार पण जन्माला आला, दिफेला. खाणीला जाणारे पुरुष एकट्याने लांबलचक ओव्यांसारखं म्हणत जातात, नदी ओलांडणं, रेल्वे, जमिनीखालचा अंधार, मागे राहिलेली बाई, सगळं त्यात येतं. योजना आखणाऱ्या ऑफिसात कुणी ही गाणी ऐकली असती तर त्यांना निदान एवढं तरी कळलं असतं की हा समाज डोंगरात बसून राहिलेला नाही.

असो, या समजावर उभ्या राहिलेल्या विकास-प्रोजेक्टकडे येऊ.

(दृश्य : वळणावळणाचा घाटरस्ता, पत्र्याची ऑफिसं)

जागा थाबा-त्सेका, देशाच्या मधोमध, उंच डोंगरात. पैसा वर्ल्ड बँकेचा आणि कॅनडा सरकारच्या मदत-संस्थेचा. सुरुवात १९७५, शेवट १९८४. राजधानी मासेरूहून वर रस्ता बांधायचा, एक केंद्र उभं करायचं, पीक सुधारायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जनावरं. लोकांकडे गुरं खूप, चराऊ रान मर्यादित, तर मग कमी पण चांगल्या जातीची जनावरं ठेवा, वाढवा, विका. कागदावर कुणालाही पटेल असं. त्यासाठी १,५०० हेक्टरचं एक रान कुंपण घालून वेगळं काढलं, जे सुधारित जनावरं पाळतील त्या मेंबरांसाठीच.

लोकांनी कुंपण कापलं. गेटं पाडली. बाकीची जनावरं खुशाल आत चरायला लागली. त्या मेंबरांच्या चराई संघाच्या मॅनेजरचं ऑफिस जाळलं गेलं. प्रोजेक्टने लावलेली झाडंसुद्धा टिकू दिली नाहीत. जे रान पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या गावाचं होतं तिथे एक दिवस तार येते आणि तुला आत यायचा हक्क नाही म्हणते, तर दुसरं काय होणार होतं?

१९८२-८३ च्या सुमाराला जेम्स फर्ग्युसन नावाचा तरुण मानववंश-अभ्यासक या भागात, मशाई नावाच्या ठिकाणी राहायला गेला. त्याने पकडलेला प्रश्न साधा होता, हे लोक गाय विकत का नाहीत. आणि उत्तर शोधायला तो देवघरात गेला नाही, तो घराच्या हिशोबात शिरला.

आता हे नीट ऐका, कारण ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. समजा तुम्ही खाणीतनं सहा-आठ महिन्यांनी घरी आलात आणि खिशात पैसे आहेत. त्या पैशावर पहिला हक्क कुणाचा? बायको म्हणणार पीठ संपलंय, पोराची फी राहिलीय, कपडे फाटलेत, आणि ती बरोबरच म्हणतेय. भाऊ उसने मागणार, शेजारी मागणार. रोख पैसा मागितला जातो आणि नाही म्हणता येत नाही. पण त्याच पैशाची गाय घेतली की चित्र बदलतं. गाय ही पुरुषाच्या अखत्यारीतली आणि ती रोजच्या गरजेसाठी विकायची नसते असा गावाचा नियम, फारच मोठी अडचण आली तरच. म्हणजे पैशाची गाय होऊ शकते पण गायीचा पैसा सहजासहजी होऊ शकत नाही, वाट एकाच दिशेने जाते.

आणि गाय नुसती उभी राहत नाही. ती माफिसा म्हणून दुसऱ्याकडे सांभाळायला देता येते, तो दूध काढतो, नांगराला जुंपतो आणि मालकाचा मान राखतो. मुलाच्या लग्नात बोहाडी म्हणून मुलीकडच्यांना गुरं द्यावी लागतात तिथे ती कामाला येते. माणूस वर्षातला बराच काळ गावात नसतो पण त्याचा कळप गावात असतो, लोकांच्या डोळ्यासमोर असतो, आणि खाण त्याला थकवून बाहेर काढेल त्या दिवशी परत यायला त्याची एक जागा शिल्लक असते. पेन्शन म्हणा, फिक्स्ड डिपॉझिट म्हणा, पण हे असं डिपॉझिट की जे घरातलं माणूसही मोडू शकत नाही.

म्हणून याला नुसती जुनी रूढी म्हणून चालत नाही. खाणीच्या पगारावर उभी राहिलेली ही व्यवस्था आहे आणि ती सगळ्यांच्या सोयीची पण नाही. घरी राहिलेल्या बायकांना हा नियम जाचायचा, गोठ्यात पैसा उभा आहे आणि चुलीवर काही नाही, त्या बोलून दाखवायच्या, वाद व्हायचे. नियम टिकवण्यात कमावत्या पुरुषांचा आणि म्हाताऱ्यांचा फायदा होता म्हणून ते तो टिकवून होते. फर्ग्युसनचं हे काम मला म्हणून मोठं वाटतं, त्याने खेडं एकजीव, भोळंभाबडं दाखवलं नाही, आतली रस्सीखेचही दाखवली.

मग दुष्काळात गाई का विकल्या नाहीत ते कळतं. आणि प्रोजेक्टच्या लोकांनी "मार्केट दिलं की विकतील" असं का धरलं तेही कळतं. शेतकरी मागासलेला आहे असं लिहिलं तर बियाणं, कुंपण आणि ट्रेनिंग देता येतं. हा माणूस परक्या देशातल्या खाणीत राबतो, तिथला कायदा त्याला बायकापोरांसोबत राहू देत नाही, आणि याची जमीन शंभर वर्षांपूर्वी घेतली गेली, असं लिहिलं तर शेतीखात्याकडे त्यावर काय इलाज आहे?

(दृश्य : थाबा-त्सेकाचा बाजार, ट्रक)

१९८४ ला कॅनडावाले निघून गेले. शेती सुधारली नाही, गुरांचा धंदाही उभा राहिला नाही. रस्ता मात्र राहिला. डोंगरातला माल खाली जाईल म्हणून तो बांधलेला, प्रत्यक्षात खालून मका, पीठ, सामान वर यायला लागलं. थाबा-त्सेका वेगळा जिल्हा झाला. पोस्ट आलं, पोलीस ठाणं आलं, तुरुंग आला, इमिग्रेशनचं ऑफिस आलं. १९७० ची निवडणूक रद्द करून सत्तेवर चिकटलेल्या सरकारला जिथे फारसा आधार नव्हता त्या डोंगरात सरकार पोचलं. फर्ग्युसन म्हणतो की हा कुणी रचलेला कट नव्हता, पण झालं ते असं झालं, आणि गरिबीच्या टेक्निकल भाषेत त्यामागचं राजकारण कुणाला दिसलंच नाही.

(दृश्य : कात्से धरणाची भिंत, मग मासेरूची सकाळ)

पुढे त्याच जिल्ह्यात कात्से धरण झालं, १८५ मीटर उंच, १९८६ च्या करारानुसार, आणि तिथलं पाणी बोगद्यांतून दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गच्या पट्ट्याला जातं, जिकडे आधी माणसं जायची. माणसांचं जाणं मात्र घटलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी लाखाच्या वर बासूटू खाणीत होते, मग सोन्याचे भाव पडले, कपात सुरू झाली आणि २००० पर्यंत आकडा निम्म्यावर आला. त्याच सुमाराला अमेरिकेने आफ्रिकी देशांतून येणाऱ्या कपड्यांवरची ड्युटी माफ केली, मासेरूत कपड्यांच्या फॅक्टऱ्या उघडल्या आणि काही वर्षांतच ४० हजारांच्या वर कामगार तिथे लागले, बहुतेक सगळ्या बाया.

थेत्सानेच्या औद्योगिक भागात सकाळी फॅक्टरीच्या गेटवर खांद्याला ब्लँकेट गुंडाळलेल्या बायकांची रांग लागते. यातल्या कितीतरी जणींचे बाप आयुष्यभर खाणीत जात होते आणि आया त्यांच्या पैशाची वाट बघत होत्या. आता महिन्याचा पगार हिच्या हातात येतो, आणि त्याची गाय घ्यायची की पोरीची फी भरायची हे ती ठरवते.