पोस्टर व्हिएन्नाला नेताना

नमस्कार, श्रोतेहो.

दर वर्षी एप्रिल-मेच्या सुमारास व्हिएन्नात युरोपियन जिओसायन्सेस युनियनची महासभा भरते. हवामान, भूकंप, नद्या, खडक असल्या विषयांतले हजारो संशोधक आठवडाभर एका छताखाली असतात. पुणे-मुंबईकडून तिथं पहिल्यांदाच निघालेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी आजचं हे बोलणं. गोषवारा कसा लिहायचा ते मार्गदर्शक शिकवतात. बाकीचं कुणी शिकवत नाही, आणि घोळ होतो तो नेमका बाकीच्यातच.

पहिला घोळ घड्याळाचा. गोषवाऱ्याची मुदत साधारण जानेवारीच्या मध्याला संपते, तीही मध्यरात्री नाही, तर मध्य युरोपच्या दुपारी 1 वाजता. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. "आज रात्री बसून टाकतो" म्हणणाऱ्याचं वर्ष गेलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेतीन तासांवर येतो. घरून ऑनलाइन सत्र पाहणारेही इथं चुकतात. आणखी एक: युनियनकडून प्रवासाची मदत हवी असेल तर गोषवारा बराच आधी, डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्यावा लागत आला आहे. ती तारीख दिवाळीतच बघून ठेवा.

दुसरा घोळ नावाचा, आणि हा खास आपला. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. शोधनिबंधावर मात्र नुसतं नाव आणि आडनाव. परिषदेची नोंदणी निबंधातल्या नावानं केली की निमंत्रणपत्र एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. नोंदणी पासपोर्टबरहुकूम करा; लेखक म्हणून नाव नेहमीचंच ठेवा. पैसे भरताना कार्ड चाललं नाही तर आधी परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बघा. नव्या कार्डांवर ते बंदच असतात, बँकेच्या अ‍ॅपमधून आपणच सुरू करायचे.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस करता येतो, पण 15 दिवसांवर विसंबू नका. चौकशी लांबली तर निर्णयाला 45 दिवसही लागू शकतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान 3 महिने चालणारा हवा, 2 पानं कोरी हवीत, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सगळ्या शेंगेन देशांना लागू असणारा हवा. संस्थेचं ना हरकत पत्र, फेलोशिपचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट एकमेकांशी जुळायला हवं. पत्रात खर्च संस्था करणार आणि अर्जात स्वतः करणार, अशी विसंगती लगेच डोळ्यांत भरते. वैज्ञानिक परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना शुल्कमाफीची तरतूद नियमांत आहे. पीएचडीचा विद्यार्थी तिच्यात बसतो का, हे अर्ज भरतानाच विचारावं.

आता पोस्टर, म्हणजे आपलं संशोधन मांडलेला, परिषदेत फळ्यावर लावायचा मोठा तक्ता. इथं जरा थांबू या, कारण पाहुण्यांना दिसणार आहे ते हेच. व्हिएन्नातला फळा आडवा असतो: रुंदी 197 सेंटिमीटर, उंची 100. आपल्या झेरॉक्सवाल्याला नुसतं "ए-झीरो काढा" (ए-झीरो हे पोस्टरच्या कागदाचं माप) म्हटलं की तो उभा काढून देतो. उभ्या ए-झीरोची उंची जवळपास 119 सेंटिमीटर, म्हणजे 19 सेंटिमीटर पोस्टर फळ्याबाहेर लोंबणार, आणि निष्कर्ष बहुधा तिथंच, तळाला लिहिलेले असतात. तेव्हा फाइल पहिल्यापासून आडवी, 119 बाय 84 अशी बनवा.

अक्षरं वाचता येतील का, याची स्वस्तातली परीक्षा आहे. ए-झीरोची प्रत्येक बाजू ए-फोरच्या चौपट असते. म्हणून पोस्टर ए-फोरवर छापून बघा. 24 पॉइंटचं अक्षर तिथं 6 पॉइंटचं दिसेल. हातात धरून ते वाचता आलं नाही, तर व्हिएन्नात चार पावलांवर उभ्या माणसालाही वाचता येणार नाही. आकृत्या पूर्ण मापाला निदान 150 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 150 ठिपक्यांच्या, असाव्यात. निबंधातून कापून चिकटवलेली आकृती छापल्यावर फुटते. आकृतीत कमी-जास्त आकडे दाखवायला इंद्रधनुषी रंगपट्टी टाळा. डेटामध्ये नसलेल्या कडा ती दाखवते. शिवाय उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत 100पैकी सुमारे 8 जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही.

छपाई कापडावर करा. फ्लेक्स स्वस्त खरा, पण घडी मोडली की पांढरी रेघ उमटते आणि दिव्याखाली तो चकाकतो. कागदाला नळकांडं लागतं, आणि नळकांडं विमानात डोक्यावरच्या कप्प्यात विसरायची वस्तू आहे. कापड हातातल्या बॅगेत कपड्यांबरोबर मावतं. पीडीएफ फोनमध्ये आणि ईमेलमध्येही ठेवाच.

मजकुराचं एकच सांगतो. फळ्यासमोर येणाऱ्याला कोयना कुठं आहे ते माहीत नसतं. महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी भारताचा छोटा नकाशा, अक्षांश-रेखांश आणि अंतराची पट्टी द्या. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा. कोयनेचा मोठा भूकंप आपल्यासाठी 11 डिसेंबर 1967च्या पहाटेचा; परदेशी यादीत तो 10 डिसेंबरला सापडतो, कारण त्या घड्याळात रात्रीचे 11 वाजायचे होते. दोन्ही तारखा खऱ्या, पण पोस्टरवर एकीचाच हिशेब हवा. पोस्टरजवळ साधारण पावणेदोन तास उभं राहायचं असतं. अर्ध्या मिनिटाचं, दोन मिनिटांचं आणि पाच मिनिटांचं अशी तीन बोलणी तयार ठेवा. समोरच्याला आधी विचारा, "आपण कशावर काम करता?" त्यावरून कुठलं काढायचं ते कळतं.

तिथं पोचल्यावर: लॅपटॉपची आपली जाड तीन पिनांची वायर तिथल्या सॉकेटात जात नाही, अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या. रविवारी ऑस्ट्रियात दुकानं बंद असतात. रविवारी उतरणाऱ्याला दूध-ब्रेड मोठ्या रेल्वे स्थानकातच मिळेल. नळाचं पाणी मात्र बिनधास्त प्या, आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी 1873पासून शहरात येतं. सभागृहासाठी यू-1 मेट्रोनं काइझरम्युलेन स्थानकाला उतरायचं. सुटं तिकीट काढलंत तर ते यंत्रात टोचून घ्या. न टोचलेलं तिकीट बिनतिकिटासारखंच.

आणि पैशांचं. सरकारी अनुदानातून जाणाऱ्यांनी विमानाचं तिकीट नेमून दिलेल्या तीन संस्थांकडूनच घ्यावं: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी. दुसऱ्या संकेतस्थळावर दोन हजार वाचवलेत, तर लेखा विभाग सगळंच बिल अडवू शकतो. परतल्यावर बोर्डिंग पासही मागतात, जातानाचा आणि येतानाचा. फोनमधला पास विमान उडाल्यावर अ‍ॅपमधून गायब होऊ शकतो, म्हणून रांगेत उभे असतानाच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

नमस्कार.