डबी शोधायला फोन पुरतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

कुणीतरी एक डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं आणि बाकीचे ती हुडकत फिरतात. सापडली की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशीच ठेवायची. हे जिओकॅशिंग. जीपीएसच्या नागरी संदेशांत अमेरिकी सरकार पूर्वी मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे १०० मीटरपर्यंत फरक पडायचा. २ मे २००० रोजी ते थांबलं आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली ठेवली. तिथून हा खेळ जगभर गेला.

मग यासाठी वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का? बरा स्मार्टफोन असेल तर आधी पैसे खर्चू नका. मोकळ्या आभाळाखाली फोनही पाचेक मीटरच्या आत जागा दाखवतो. उपग्रहांचे संदेश एल-वन आणि एल-फाइव्ह अशा दोन्ही फ्रिक्वेन्सींवर पकडणारा फोन असेल तर कड्याजवळ किंवा उंच इमारतींमध्ये तो कमी गोंधळतो, कारण भिंतीवर आपटून आलेला संदेश त्याला चांगला ओळखता येतो. आणि डबी लपवणाऱ्याच्या यंत्राचीही चूक त्या आकड्यांत शिरलेली असतेच. तेव्हा कितीही महागाचं यंत्र घ्या, शेवटी वाकून दगडाखाली बघावंच लागतं.

वेगळं यंत्र खरं लागतं ते पावसात. जुलैतल्या सह्याद्रीत फोनची ओली काच बोटाला दाद देत नाही, उलट थेंबालाच बोट समजते. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स या हातात मावणाऱ्या जीपीएस यंत्राला बटणं असतात, ती ओल्या हातानंही दाबता येतात. आत साधे दोन पेन्सिल सेल. त्यातलं ‘२२एक्स’ हे मॉडेल त्यांवर २५ तास चालतं, असं कंपनी सांगते; संपले तर पायथ्याच्या गावात किराणा दुकानातही मिळतात. फोन मात्र रेंज शोधण्यातच अर्धा संपतो. तो एअरप्लेन मोडवर टाका, जीपीएस चालूच राहतं. नकाशा तेवढा घरूनच डाउनलोड करून न्या.

यंत्र घेतलंतच तर होकायंत्र आहे का, ते विचारा. ‘२२एक्स’मध्ये ते नाही, त्यामुळे तुम्ही उभे राहिलात की दिशा कळेनाशी होते. डबीभोवती घुटमळताना याचा फार वैताग येतो. ‘३२एक्स’मध्ये ते आहे. फोनमधलं होकायंत्र चुंबकानं चुकतं, तेव्हा फोनला चुंबकाचं कव्हर असेल तर शोधताना ते काढा.

उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं परदेशातून कुणी आणून देतो म्हणाला तर सरळ नको म्हणा. भारतात ती परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रापायी एका परदेशी पाहुणीवर कारवाई झाली. विमानानं जाताना साधं यंत्र जवळ असलं तरी आधी विचारून घेतलेलं बरं.

आणि आकडे टाकताना जपा. या खेळात ते अंश आणि दशांश मिनिटांत देतात (एका अंशाची साठ मिनिटं), फोनचे नकाशे बहुधा दशांश अंशांत दाखवतात. १८ अंश ३०.५०० मिनिटं हा पुण्याचा अक्षांश. तेच घाईत १८.३०५ असं टाकलंत तर बावीस किलोमीटर दक्षिणेला डबी शोधत बसाल. निघण्यापूर्वी सेटिंगमध्ये अंश-मिनिटं निवडा.